रबर आधी जातं: साताऱ्यात जुनी जपानी रोडस्टर सांभाळताना

मार्च २०१२. वाईला मामांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी असलेली लाल माझदा एमएक्स-५. बॉनेट उघडलं तेव्हा माझी खात्री होती की इंजिन जाम झालेलं असणार. चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँकच्या बोल्टला २१चा सॉकेट लावून घड्याळाच्या दिशेनं हळूच ओढलं आणि इंजिन लोण्यासारखं फिरलं. मामी शेडच्या दारात उभ्या होत्या. "चालंल का रे ती?" म्हणाल्या. "चालंल मामी, पण आज नाही," मी म्हटलं. कारण तोवर हीटरची नळी मी दोन बोटांत दाबून पाहिली होती, आणि ती खारीसारखी मोडून हातात आली होती.

तेव्हापासून आजपर्यंत या गाडीवर मी जेवढे तास घालवले, त्यातले बहुतेक रबरावर आणि पाण्यावर गेले. लोखंड, अॅल्युमिनियम, गिअर, बेअरिंग यांनी फार थोडा त्रास दिला. मी साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत लेथ आणि मिलिंगचं छोटं वर्कशॉप चालवतो, गॅरेज माझं नाही. त्यामुळे इथं लिहिलंय ते एका गाडीवर स्वतःच्या हातानं केलेलं काम आहे. पण ज्यांच्याकडे त्या काळातली दुसरी कुठली जपानी स्पोर्ट्स कार आहे किंवा येऊ घातलीय, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

गाडीची ओळख थोडक्यात करून देतो. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ही पहिल्यांदा दाखवली. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर. दोन सीट, कापडी हूड, १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना, वजन टनाच्या आत. दिवे बॉनेटमधून वर येणारे. मामा इंग्लंडमध्ये डॉक्टर होते. १९९१ साली त्यांनी ती तिथं नवी घेतली, आणि १९९६ला कायमचे परत येताना राहतं घर हलवण्याच्या सवलतीत, भरपूर ड्यूटी भरून, सोबत आणली. म्हणून हिचं स्पीडोमीटर मैलांत आहे आणि हिला एसी नाही. काटा ६०वर गेला की आपण ९६नं चाललोय, हे सवयीचं व्हायला मला महिना लागला.

आता घेण्याबद्दल. अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी जपानी गाडी सरळ जहाजावर घालून आणतात, त्याचे व्हिडिओ बघून पोरं माझ्याकडे येतात. आपल्याकडे तसं होत नाही. वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते, आणि वर ड्यूटी अशी की गाडीपेक्षा कर मोठा. म्हणजे नव्वदच्या दशकातली जपानी गाडी हवी असेल तर आधीच देशात आलेली, आधीच नोंदलेली शोधायची. तिथं इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी कागद वाचायचे. कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, त्याची मूळ प्रत, त्यावरचा चासी नंबर, आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर, हे तीन अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. एमएक्स-५चा नंबर इंजिनामागच्या फायरवॉलवर ठोकलेला असतो. युरोपात विकलेल्या गाडीचा जेएमझेडनं सुरू होतो, जपानातल्या १.६ युनोसचा एनए६सीईनं. विकणारा "बिल ऑफ एंट्री हरवलंय, पण आरसी आहे ना" असं म्हणाला तर चहा पिऊन उठायचं. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या, परत जायला हव्या होत्या अशा गाड्याही देशात फिरलेल्या आहेत. कस्टम्सनं उचलली तर पैसे तुमचे गेले.

आमच्या गाडीचं हे सगळं मामांनी फाइलला लावून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. तरी मामा गेल्यामुळे आधी फॉर्म ३१ भरून मामींच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या नावावर, आणि मुदत संपलेली म्हणून फॉर्म २५नं नूतनीकरण, असे फेरे झाले. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे नूतनीकरण येतं. गाडी प्रत्यक्ष आरटीओत न्यावी लागते, पर्यावरण कर वेगळा. खर्चाचा आकडा आधीच मनाशी धरा. १ एप्रिल २०२२पासून आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ४०,००० रुपये झालं. ते मी त्या ऑगस्टमध्ये भरलं. ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनं वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीला ते ८०,००० केलंय. देशात बनलेल्या मोटारीला हेच १०,००० आहे. माझी पुढची पाळी २०२७ला आहे आणि मी त्यासाठी दरमहा बाजूला टाकतोय. अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आत करता येतो. उशीर केला की दर महिन्याला दंड वाढतो.

कागद जुळले की बॉडी. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स खोलता येतो, पण गंजलेली बॉडी म्हणजे दर पावसाळ्याला नवं भोक. आणि इंग्लंडहून आलेली गाडी असेल तर तिथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ तिनं खाल्लेलं असतं. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे दाराखालचा लांब चॅनेल, ज्याला सिल म्हणतात, त्याचं मागचं टोक, मागच्या चाकाच्या अगदी पुढं. तिथं फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. एका जागी पकड सैल वाटली तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. अंगठ्यानं दाबा. पत्रा ठक्क वाजला पाहिजे. खालून जाड काळं अंडरबॉडी कोटिंग मारलेलं दिसलं तर मला जास्त शंका येते, कारण त्या थराखाली ओल अडकते आणि गंज निवांत वाढतो. मी आमच्या सिलमध्ये कॅव्हिटी वॅक्स सोडलंय, बारीक नळीनं, दर दोन वर्षांनी, मे महिन्यात, पत्रा कोरडा खणखणीत असताना.

पण सिल बाहेरून नाही, आतून गंजतं, आणि त्याचं कारण हूडच्या मुळाशी असतं. हे जरा नीट सांगतो, कारण वाईच्या शेडमधल्या ओल्या गालिच्याचा वास इथूनच आला होता. हूडवरून ओघळलेलं पाणी मागे एका पन्हाळीत जमतं आणि दोन्ही बाजूंनी, सीटबेल्टच्या खांबांच्या मागे, एकेका भोकातून खाली उतरतं. ते मागच्या चाकांच्या पुढं, गाडीच्या पोटाखाली बाहेर पडतं. त्या नळीत पाला, धूळ, कोळ्याची जाळी साचली की पाणी आत सांडतं. आमच्या डाव्या नळीतून काय निघालं म्हणाल, तर चिंचेच्या पाल्याचा काळा लगदा, मूठभर. शेडवर चिंच होती. उजवीतून कुंभारीण माशीचं मातीचं घरटं निघालं.

ही नळी साफ करायला तार घालू नका. तारेनं नळी आतच फाटते, मग पाणी थेट सिलमध्ये. पडदा टांगायची प्लास्टिकचं वेष्टन असलेली स्प्रिंग आणा, ती वाकते पण टोचत नाही. वरून घाला, फिरवत फिरवत खाली न्या, जोर लावू नका. खालचं टोक दिसलं की बाहेर ओढा. मग लोटाभर पाणी वरून हळूहळू ओता आणि कुणाला तरी खाली बघायला बसवा. ओतलेलं पाणी तेवढ्याच वेगानं खाली आलं पाहिजे. आमच्याकडे हे काम मुलीचं आहे, ती सहा वर्षांची असल्यापासून. आली धार की ओरडते. वर्षातून दोनदा करतो, जूनच्या आधी आणि दिवाळीला.

आता इंजिन. उभी असलेली गाडी कुणीही "सेल मारून बघू" म्हणतो. मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल आधी पूर्ण काढा. त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल तर इंजेक्टरही काढून साफ करून घ्या. मग ऑइल, फिल्टर, कूलंट, आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा दातेरी पट्टा. बेल्टचा हिशेब ६०,००० मैलांचा, म्हणजे ९६,००० किलोमीटरचा सांगतात, पण तो चालत्या गाडीचा हिशेब आहे. रबराला वर्षं मोजता येतात. मामांची गाडी ४१,००० मैल चालली होती, आणि बेल्ट उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा उघडल्या. या १.६ इंजिनात एक मोठी मेहेरबानी आहे, बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. दुसऱ्या पुष्कळ जपानी इंजिनांत आदळतात, तिथं बेल्टची तारीख माहीत नसेल तर सुरूच करू नका. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, कॅम आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील, सगळं एकदम बदला. तिथवर पोचायला अर्धा दिवस जातो, दोनशे रुपयांच्या सीलसाठी परत तो घालवायला नको.

तिथं असतानाच क्रँकची पुली बघा. १९९१च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं नाक आखूड होतं आणि बोल्ट नीट आवळला नसेल तर कीवे, म्हणजे पुलीला जागेवर धरणारी खाच, झिजतो. पुली डुलते, टायमिंग सरकतं, गाडी मरगळते. पुलीच्या मध्यावर चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. आमची आखूड निघाली. म्हणून त्या बोल्टला मी इम्पॅक्ट गन कुणालाही लावू देत नाही. टॉर्क रेंच, नवा बोल्ट, स्वच्छ धागे.

आता माझी चूक सांगतो. २०१२ला मी सगळ्या पाण्याच्या नळ्या बदलल्या, हीटरच्यासकट. २०१४च्या मे महिन्यात वाईहून पाचगणीला निघालो, मुलगी शेजारी, हूड खाली. पसरणी घाट अर्धा चढलो आणि गोडसर वास आला, मागोमाग बॉनेटच्या कडांतून वाफ. कडेला घेऊन बंद केली. दोन वर्षांची नवी हीटर नळी फुगून मऊ झाली होती, क्लिपजवळ फाटली होती. नळीवरून बोट फिरवलं तर ते काळं झालं. ऑइल.

ते ऑइल वरून येत होतं. या इंजिनात हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या कुशीत, कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो, आणि त्याला एक ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, असते. वीस वर्षांत ती दगड होते. तिथून थेंबथेंब ऑइल बरोबर खालच्या हीटर नळ्यांवर पडतं, आणि पाण्याच्या नळीचं रबर ऑइल प्यायलं की सुजतं. मी नळी बदलली होती, कारण बदललं नव्हतं.

हे काम घरी होतं. सेन्सरची बॉडी आणि हेड यांच्यावर मिळून एक बारीक रेघ स्क्रायबरनं ओढा, कारण हा सेन्सर फिरवला की इग्निशन टायमिंग फिरतं. १२चा एकच बोल्ट. हात आत जात नाही, लांब एक्स्टेन्शन लागतं. सेन्सर सरळ मागे ओढून काढा. जुनी ओ-रिंग व्हर्निअरनं मोजा. तिची जाडी आता खरी राहिलेली नसते, म्हणून खाचेची रुंदी आणि खोलीही मोजा. नवी घ्याल ती व्हायटॉनची, म्हणजे उष्णता आणि ऑइल सोसणाऱ्या रबराची घ्या, नेहमीच्या काळ्या नायट्राइलची नको. मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात हायड्रॉलिक सीलच्या दुकानात चहाच्या पैशात मिळाली. ऑइल लावून बसवा. सेन्सरची आतली जीभ मध्यापासून जरा सरकलेली असते, ती जागेवर आली की सेन्सर आपोआप आत जातो, ठोकायचं नाही. रेघ जुळवा, बोल्ट आवळा. मग टायमिंग लाइट लावून खात्री करा. डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी ही टोकं वायरनं जोडायची, इंजिन गरम, ८५० आरपीएमवर आयडल, आणि खूण टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या, आधी १० अंशांवर दिसली पाहिजे.

पाण्याच्या बाजूला आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. रेडिएटरची वरची टाकी प्लास्टिकची आणि काळी असते. तिचा रंग चहासारखा तांबूस-हिरवट झाला की ती फुटायच्या बेतात आहे. घाटात फुटायची वाट बघू नका. एसी नसलेल्या गाडीला पंखा एकच असतो, दुसऱ्याची जागा मोकळी असते. मी तिथं दुसरा बसवलाय, रिलेसकट. बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच हेडमध्ये बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं, एकूण सहा लिटर.

पेट्रोलच्या नळ्यांचं आता नव्यानं बघावं लागतं. २०२५पासून बहुतेक पंपांवर ई२० आहे, वीस टक्के इथेनॉल. १९९१ची नळी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुनं रबर आतून मऊ करतं, मग त्याचे कण फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या जाळीत. टाकी ते फिल्टर, फिल्टर ते लोखंडी पाइप, आणि पुढं इंजिनाजवळचे तुकडे, सगळे काढून एसएई ३०आर९ छापलेली नळी घातली. साधी कार्ब्युरेटरची नळी इथं चालणार नाही, इंजेक्शनचं प्रेशर तीन किलोच्या घरात असतं आणि खालून गरम सायलेन्सर. नळी सोडण्याआधी पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा. टाकी शक्यतो भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते.

क्लच एक दिवस काही न सांगता जातो. पेडल खाली राहतं, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. दहात नऊ वेळा खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा रबरी कप गेलेला असतो. बोअरला खरवड नसेल तर नुसता कप बदलून भागतं, माप घेऊन ब्रेकच्या दुकानात जुळणारा मिळतो. खरवड असेल तर सिलिंडरच नवा. ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड दर दोन वर्षांनी, न चुकता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्या हवेत जेवढं पाणी असतं तेवढं ते पितं.

गिअर टाकायला खडखडीत लागत असेल आणि गिअरच्या दांड्याजवळून पायाला गरम हवा लागत असेल, तर दोन्हींचं मूळ एकच. दांड्याच्या मुळाशी खाली एक छोटी वाटी आहे, तिच्यात स्वतःचं वेगळं ऑइल असतं. ते गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना निघतही नाही आणि भरलंही जात नाही. म्हणजे बहुतेक गाड्यांत ते कारखान्यात घातलेलं तेवढंच. नॉब फिरवून काढा, मधला कन्सोल काढा, वरचं रबर, मग खालचं रबर. आमचं खालचं रबर तीन ठिकाणी फाटलं होतं. दांडा वर उचला, वाटीतला चिखल फडक्यानं पुसा, टोकाचा नायलॉन बुश बघा, मग ७५डब्ल्यू-९० जीएल-४ ऑइल सिरिंजनं ८०-९० मिली. तेच ऑइल गिअरबॉक्समध्ये दोन लिटर. जीएल-५ गिअरबॉक्सला नको, त्यातलं रसायन सिंक्रोच्या, म्हणजे गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांच्या, पितळेला मानवत नाही. ते मागच्या डिफरन्शिअलला. या कामानंतर दुसरा गिअर असा पडतो की बोटांना कळतं.

बॅटरीच्या बाबतीत मात्र माझं नुकसान झालं आणि ते टाळता आलं असतं. या गाडीची बॅटरी डिकीत असते. म्हणून मूळची सीलबंद, आणि तिचा वायू नळ्यांनी डिकीच्या तळातून बाहेर सोडलेला. २०१३ला ती बदलायची वेळ आली. मी वर्कशॉपच्या ऑर्डरमध्ये गुंतलो होतो, गाडी एका बॅटरीच्या दुकानात पाठवली. साधी अॅसिडची बॅटरी घालून आली, बसत नव्हती म्हणून ब्रॅकेट वाकवलेलं, नळ्या कापून टाकलेल्या. दीड वर्षानं डिकीचा गालिचा उचलला तर खालचा रंग फोडांनी भरलेला, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर पत्र्यातून आरपार गेला. तळहाताएवढा तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागला. तेव्हा एजीएम किंवा व्हीआरएलए, म्हणजे सीलबंद बॅटरीच घ्या, नळ्या जोडलेल्या आहेत हे स्वतः बघा, आणि दर सहा महिन्यांनी गालिचा उचला. अॅसिड सांडल्याची शंका आली तर खायच्या सोड्याचं पाणी.

टायर १८५/६० आर १४, आपल्याकडे मिळतात. चाकाचे बोल्ट चार, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, म्हणजे आपल्या पुष्कळ गाड्यांचंच माप. हवा चारही चाकांत २६. टायरवाला सवयीनं ३३ भरतो, मग ही हलकी गाडी खड्ड्यावरून उड्या मारते आणि ओल्यात मागून सरकते. उभं राहून सांगा. जॅक सिलच्या खुणा केलेल्या जागी किंवा मागे डिफरन्शिअलखाली लावा. मधून जाणाऱ्या लांब अॅल्युमिनियमच्या चौकटीला अजिबात लावू नका, ती गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांना बांधणारा कणा आहे.

मागचे ब्रेक उभ्या गाडीत चिकटतात. दोष हँडब्रेकचा. म्हणून उभी करताना गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. तो लांब ओढावा लागत असेल तर केबल आवळायला जाऊ नका. कॅलिपरच्या मागे एक टोपीचा बोल्ट आहे, तो काढला की आत ४चा अॅलन बसतो. चाक अडेपर्यंत फिरवा, मग एक तृतीयांश फेरा मागे.

बाकी किरकोळ. ऑइल ३.६ लिटर. फिल्टरचा धागा एम२०, पिच १.५, देशी गाड्यांच्या फिल्टरमध्येही तो सापडतो, फक्त रबराच्या कड्याचा व्यास जुळवून घ्या. पावसात चढावर इंजिन अडखळलं तर आधी प्लगच्या वायरी बघा. दिवे वर आले नाहीत तर मोटारीवरच्या रबरी टोपीखाली नॉब आहे, हातानं फिरवून वर येतात. रात्री कारखाने सुरू असताना हे माहीत असलेलं बरं. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि आपण बसतो त्यांच्या अॅक्सलच्या उंचीवर.

हूड खाली घेताना मागची प्लास्टिकची काच आधी चेन उघडून सपाट पसरवा, नाहीतर घडीवर तडा जातो. ओला हूड घडी करू नका. आमची काच पिवळी पडून दिसेनाशी झाली तेव्हा साताऱ्यातल्याच एका कुशनवाल्यानं जुनीवरून कागदाचा नमुना कापून नवी शिवली. दोन दिवस लागले, शिलाई जपानी शिलाईइतकीच सरळ. रेडिएटरवाला, कुशनवाला, लेथवाला, सीलवाला ही माणसं आपल्याकडे अजून आहेत, हे फार मोठं भांडवल आहे. त्यांच्याकडे गाडीचं नाव सांगत बसू नका, सुटा भाग काढून हातात न्या.

जे इथं होत नाही तेच बाहेरून मागवा. माझदानं २०१७ला जपानात या पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी जीर्णोद्धाराची सेवा जाहीर केली आणि बंद झालेले बरेच भाग पुन्हा काढले, हूड, स्टिअरिंग, गिअरचा लाकडी नॉब. अगदी मूळच्या नक्षीचा १८५/६० आर १४ टायरही ब्रिजस्टोनकडून करून घेतला. पार्ट नंबर लिहून वर्षभराची यादी करा आणि एकदाच मागवा, कारण छोट्या पार्सललाही ड्यूटी आणि हाताळणीचा खर्च लागतोच. माझ्या यादीत बहुतेक रबरच असतं.

पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायचा मोह होतो. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो. सुती कापड, वर हवा खेळेल असं शेड, आणि उंदरांसाठी बॉनेटखाली रोज नजर. पंधरा दिवसांनी उघडीप बघून बाहेर काढा. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि ब्रेक तसेच राहतात. पोवई नाक्यावरून गोडोली, तिथून सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत आणि परत, एवढं पुरतं. पहिले पाच किलोमीटर सावकाश, ऑइल प्रेशरचा काटा बघत. परतीला दोन-चार वेळा ब्रेक जरा जोरात दाबा. घरी आल्यावर बॉनेट लगेच उघडा, टॉर्च तोंडात धरा आणि इंजिनाच्या मागे, कॅम सेन्सरच्या खाली, तर्जनी फिरवा. बोट कोरडं आलं पाहिजे.